निलाक्काच्या घराची दुसरी चौकट

जिथे तुम्हाला कायमचं राहायचं नाही, त्या जागेला तुम्ही खिडकी ठेवाल का?

उत्तर द्यायची घाई करू नका. बांधकामाच्या प्लॉटवरची पत्र्याची शेडं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. चार खांब, वर पत्रे, तारेनं बांधलेलं दार. आत माणसं वर्ष-वर्ष काढतात. पण ‘तात्पुरतं आहे’ हा शब्द एकदा उच्चारला की त्या माणसांना वारा लागत नाही, उजेड लागत नाही, मोरीला आडोसा लागत नाही, असं आपण धरून चालतो.

निलाक्कानं तिच्या शेडला समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्या होत्या. खाली शहाबादी फरशी घातली होती. उन्हाळ्यात पत्रा तापू नये म्हणून वर उसाचं पाचट अंथरलं होतं आणि रोज दुपारी त्याच्यावर पाईपनं पाणी मारत होती. शेजारच्या प्लॉटवरचे एक गृहस्थ हसून म्हणाले, “आक्का, वर्ष-दीड वर्षाचा तर प्रश्न हाय. एवढं कशाला?”

आक्का पाईप तसाच धरून म्हणाली, “पावणं, वर्ष-दीड वर्ष तुमी श्वास बंद ठेवता काय?”

निलाक्का अंगणवाडी सेविका होती. मूळची गडहिंग्लजच्या पलीकडची, लिंगायत घरातली, कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारी. तिची मुलं तिला अव्वा म्हणत, बाकी सगळं जग आक्का. कोल्हापूरच्या बायांसारखी तीही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायची, आणि आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाला कुणाच्या ताटात काय वाढलंय ते या टोकाला कळावं.

माझी तिची ओळख पत्रकांमुळे झाली. माझ्या वडिलांचा कोल्हापूर शहरात छोटा छापखाना आहे. मोर्चांची, सभांची, संपाची पत्रकं तिथेच निघत, आणि त्यांच्या घड्या घालतच मी वाचायला शिकले. अंगणवाडीच्या बायांचं पत्रक मी लिहायचं ठरलं, तेव्हा मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. ‘शोषणकारी व्यवस्थेच्या दमनचक्राविरुद्ध’ अशी सुरुवात केली होती. आक्कानं कागद घेतला आणि मला घेऊन अंगणवाडीत गेली. तिथे तिची मदतनीस खिचडी ढवळत होती. आक्का तिच्याशेजारी पाटावर बसली आणि मोठ्यानं वाचायला लागली. मदतनीस ढवळत राहिली. दमनचक्र आलं, ढवळत राहिली. व्यवस्था आली, ढवळत राहिली. शेवटी कुठेतरी मी लिहिलं होतं, ‘आम्ही दुसऱ्यांची पोरं सांभाळतो, आमची पोरं कोण सांभाळतं?’ तिथे पळी थांबली.

“हे एक ठेव,” आक्का म्हणाली. “बाकीचं काट.”

त्यानंतर मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक त्या खिचडीशेजारी वाचलं गेलं. मला शिकवणारे प्राध्यापक पुष्कळ होते. हात कुठे थांबतो ते बघायला शिकवणारी ती एकटीच.

नवरा गेल्यावर तिनं कागलच्या वाटेवर, उसाच्या रानात नव्यानं पडलेल्या प्लॉटांमध्ये एक तुकडा स्वतःच्या नावावर घेतला. शहरातली भाड्याची खोली सोडली, प्लॉटच्या एका कडेला शेड उभं केलं आणि सगळं घर तिकडे हलवलं. सगळं घर म्हणजे ती, मुलगा बसवराज, सून विद्या आणि मुलगी सुमा. बसू कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशिनवर कामाला. सुमा वारणानगरकडे दिली होती. शेडात यायच्या तीन वर्षं आधी एका सकाळी ती एक ट्रंक घेऊन परत आली. का आली ते तिनं आईला सांगितलं आणि आईनं पुढे कुणालाही सांगितलं नाही. ती ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. बोलायची कमी. कुणी घरी आलं की हातातलं काम उचलून आधी कोपऱ्यात सरकायची, जागा झाली की मग हसायची.

त्या शेडात पाऊस आला की पत्र्याचा आवाज एवढा व्हायचा की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नसे. बसू आणि विद्याचं कशावरून तरी वाजलं आणि तेवढ्यात सर आली, तर आक्का दोघांच्या मध्ये हात घालून ओरडायची, “थांबा! आता एकमेकांस्नी ऐकू येत न्हाय. उघडल्यावर भांडा!” आणि उघडेपर्यंत भांडण विसरलेलं असे.

पण तिची खरी तऱ्हा वेगळीच होती. घर बांधताना जमिनीवर पांढरी फक्की टाकून भिंतींच्या रेषा मारतात. खोदाईच्या आदल्या दिवशी मारतात, दुसऱ्या दिवशी खोदतात. आक्कानं ती फक्की शेडात राहायला आल्याच्या आठवड्यातच मारली. खोदाईला अजून वर्ष होतं. इंजिनियरनं काढलेला नकाशा तिनं हातात धरला, बसूकडून फुटाफुटानं माप घेतलं आणि शेडासमोरच्या मोकळ्या जागेत अख्खं घर रेषांनी उभं केलं. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, जिना, पुढे गाडीसाठी पोर्च. रेषा पुसल्या की परत मारायची. मुरूम टाकून जमीन सपाट केली, पावसात रेषा धुऊन गेल्या तर विटांचे तुकडे लावले.

आणि मग ती त्या घरात राहायला लागली. गहू निवडायचे तर ‘स्वयंपाकघरात’ बसून. पाहुणे आले तर ‘हॉलमध्ये’ सतरंजी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सरळ चालत तिच्याकडे निघाले, तर ती ओरडली, “अगं यव्वा! भिंतीतनं आलीस की! माघारी जा. दारातनं ये.” मी माघारी गेले. विटांच्या दोन तुकड्यांमधली तीन फूट जागा शोधली आणि तिच्यातून आत आले. दूधवाला, पोस्टमन, गॅसवाला, सगळे हळूहळू शिकले. एकदा विजेचं कनेक्शन तपासायला आलेला माणूस बेडरूममधून गेला म्हणून विद्या लाजली होती, खरोखर.

मी विचारलं, “आक्का, नकाशा आहे ना कागदावर? मग हे कशाला?”

“कागदावर सगळ्यास्नी घर पुरतंय,” ती म्हणाली. “जमिनीवर पुरतंय का ते बगाय नको?”

मला ती गंमत वाटली होती. ती गंमत नव्हती, हे मला एका रविवारी सकाळी कळलं.

त्या दिवशी इंजिनियर नकाशावर शेवटची सही घ्यायला आला होता. तरुण मुलगा, सभ्य, हातात नकाशाची गुंडाळी. मीही आले होते. आक्कानं चहा दिला. चहा झाल्यावर ती म्हणाली, “पावणं, सही करतो. पण आधी जरा सामान लावून बगू.” आणि घरातल्यांकडे वळून म्हणाली, “ज्याची त्याची ट्रंक, बॅग, जे काय असंल ते उचला आणि ज्याच्या त्याच्या खोलीत ठेवा.”

बसू हसला. “अव्वा, पावण्यास्नी येळ न्हाय.”

“दोन मिनिटं लागत्यात.”

विद्यानं आपली आणि बसूची बॅग नेऊन मोठ्या बेडरूमच्या रेषांमध्ये ठेवली. आक्कानं आपलं गाठोडं दुसऱ्या, लहान खोलीत ठेवलं. मग सुमा शेडातून बाहेर आली. तिच्या हातात तीच ट्रंक होती, सासरहून आणलेली. ती हॉलच्या दारातून आत आली. हॉलमध्ये थांबली. आईच्या खोलीकडे बघितलं. तिथे कॉट आणि कपाटाची जागा सोडली तर माणूस वळायला जागा नव्हती, ते रेषांवरून दिसत होतं. स्वयंपाकघराकडे बघितलं. मग ट्रंक न ठेवता तशीच उभी राहिली. ट्रंक जड होती. तिनं ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

 शेवटी तीच चालत पोर्चमध्ये गेली आणि ट्रंक तिथे ठेवली.

आक्का तिच्या मागे गेली, पोर्चमध्ये उभी राहिली आणि बसूला विचारलं, “ही कुणाची खोली?”

“गाडीची.”

“गाडी कुठाय?”

“घेऊ की, अव्वा. आज न्हाय, उद्या.”

“न आलेल्या गाडीला जागा हाय,” आक्का म्हणाली. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. “आलेल्या पोरीला न्हाय.”

मला राहवलं नाही. मी मुलीच्या हक्कावर, वारसा कायद्यावर बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील. आक्कानं हात वर केला. “तू गप. ह्यो मोर्चा न्हाय. माझं घर हाय.” इंजिनियर आपली गुंडाळी सोडून परत गुंडाळत होता. त्याचे कान लाल झाले होते. सही न घेताच तो गेला.

बसूला खलनायक करून टाकणं मला सोपं होतं. त्या काळात मला सगळ्याच भावांबद्दल तसं वाटायचं. पण तो बहिणीचा दुस्वास करणारा नव्हता. चार दिवस तो शिफ्टवरून आला की फक्कीच्या रेषांमधून फेऱ्या मारायचा. पाचव्या दिवशी मी तिथेच होते, तेव्हा तो शिफ्टवरून येऊन पायऱ्या नसलेल्या जिन्याच्या जागेत उकिडवा बसला आणि म्हणाला, “अव्वा, तिला खोली काढली म्हंजे ती आता कायमची हितंच, असं आपुनच ठरिवल्यागत हुतंय. माझ्या मनात हाय तिचा संसार परत व्हावा.”

“व्हईल तवा व्हईल,” आक्का म्हणाली. “तवर काय तिनं ट्रंक हातात धरून उभं ऱ्हायाचं?”

सुमा शेडाच्या खिडकीत बसून शिवत होती. तिनं मशिन थांबवलं नाही. फक्त तेवढ्या वाक्यापुरता तिचा पाय सावकाश झाला, ते मी बघितलं.

बसू नमला. म्हणाला, पोर्च लहान करू, स्वयंपाकघराच्या मागे सुमीला खोली काढू. मला वाटलं, आपण जिंकलो. आक्कानं फक्कीच्या नव्या रेषा मारल्या आणि सुमाला म्हणाली, “जा, बस तिथं.” सुमा स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या जागेला वळसा घालून मागे गेली आणि बसली. आक्का बराच वेळ बघत राहिली. मग पायानं रेषा पुसली.

“आता काय?” बसूनं कपाळाला हात लावला.

“खोली न्हाय पायजे. दार पायजे.”

“खोलीला दार हाय की!”

“ते सैपाकघरात उघडतंय. विद्याचं सैपाकघर. उद्या दोघींचं वाजलं तर ही आत यायची कुठनं? खोली काढून दिली, ते उपकार झालं. तिला रस्त्यावरनं स्वतःच्या दारातनं आत येता आलं पायजे. कुणाला न इचारता.”

बसू उसळला. बाहेरून स्वतंत्र दार म्हणजे भाडेकरूचं दार. लोक म्हणतील बहिणीला वेगळं काढलं. शब्दाला शब्द वाढला. आभाळ स्वच्छ होतं, भांडण थांबायची काही सोय नव्हती. आक्का एका बाजूला, बसू एका बाजूला, मधे सुमा मान खाली घालून. आणि मग आतापर्यंत एकदाही न बोललेली विद्या कुकर उतरवून बाहेर आली.

“दार बाहेरनंच असू दे,” ती म्हणाली.

सगळे बघत राहिले.

“तर काय? वन्संकडं दिवसभर बाया येणार मापं द्यायला. माझ्या हॉलमधनं, माझ्या सैपाकघरातनं जाणार? मी दिवसभर पदर सावरत चहा करत बसू? काढा बाई एक दार रस्त्याकडं. माझीबी सुटका.”

आक्का इतकी हसली की तिला खोकला लागला. खोली पुढे आली, पोर्चच्या जागेत. दार रस्त्याकडे झालं. मला मात्र चुटपुट लागली. मी तिला एकटीला गाठून म्हटलं, “आक्का, तुम्ही हक्काचं बोलत होता. विद्यावहिनी तर स्वतःच्या सोयीचं बोलल्या.”

“मग?” आक्का म्हणाली. “दार झालं न्हवं? तुमा शिकलेल्यांस्नी कारणबी आपल्या पसंतीचंच पायजे असतंय.”

हे वाक्य मी अजून पचवते आहे.

पाया झाला, जोतं आलं. मग चौकट बसवायचा दिवस ठरला. आपल्याकडे घराच्या मुख्य दाराची चौकट उभी करताना पूजा करतात. हळद-कुंकू लावतात, आंब्याचं डहाळं बांधतात, शेजारीपाजारी येतात. एकाच चौकटीची पूजा असते. बाकीच्या चौकटी गवंडी नंतर आपापल्या बसवतो, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्या दिवशी पूजा सांगायला स्वामी आले, पाहुणे आले, आणि बघतात तर जोत्यावर दोन चौकटी आडव्या टाकलेल्या. मोठी सागवानी, शेजारी एक बाभळीची. दोन्ही धुतलेल्या.

आक्काचे दीर गावाहून आले होते. जाड मिशीचे, मानाचे. ते म्हणाले, “वैनी, दोन चौकटी? ही काय चाळ हाय काय?”

“एकच घर हाय, भावजी,” आक्का म्हणाली. “माणसं दोन दारांनी येत्यात.”

मोठ्या चौकटीची पूजा बसू आणि विद्यानं केली. बाभळीच्या चौकटीपाशी आक्कानं सुमाला बोलावलं. सुमा जागची हलेना. दोन-चार बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईनं चौकट पुजायची? त्यांचं ते बघणं सगळ्यांना कळलं. स्वामींनाही कळलं असावं. ते म्हणाले, “ये बाळ, ऊन चढतंय.” सुमा आली. तिनं चिमूट एवढ्या घाईनं सोडली की कुंकू चौकटीवर कमी आणि जोत्यावर जास्त पडलं. आक्का दोन्ही हातांनी ती चौकट धरून उभी होती. गवंडी म्हणाला, “आक्का, सोडा आता, टेकू लावलाय.” तरी तिनं सोडली नाही.

त्यानंतर दीड महिन्यानं आक्का गेली. अंगणवाडीतून घरी आली, छातीत कळ आली म्हणाली, शेडात आडवी झाली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिच्या घराच्या भिंती तेव्हा कमरेच्या जरा वर आल्या होत्या.

मातीहून परत आलेली माणसं शेडापुढे बसली होती, तेव्हा दीर बसूला म्हणाले, “वैनीची इच्छा होती, केलंस. आता ते रस्त्याकडचं दार चिणून टाक. बाईमाणूस एकटं, रस्त्यावर दार. बरं दिसत न्हाय.” बसूनं उठून त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. सुमा आत होती. तिला ऐकू गेलं असणार, कारण त्या दिवशी पाऊस नव्हता.

बांधकाम तीन महिने थांबलं. त्या तीन महिन्यांत मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा बसूला विचारायचं धाडस मला झालं नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा स्लॅब टाकून झाला होता. मोठ्या सागवानी चौकटीला अजून फळ्या आडव्या ठोकलेल्या होत्या. बाभळीच्या चौकटीला मात्र कवाड लागलं होतं, कडी-कोयंड्यासकट. घरातलं ते पहिलं कवाड. बसू बाहेर स्लॅबखालून काढलेले पत्रे मोजत होता. माझी नजर कुठे गेली ते त्यानं बघितलं. “सुताराकडं एकच तयार हुतं,” तो म्हणाला. खोटं बोलत होता. 

निलाक्काला मी शेवटचं बघितलं ते तिच्या जाण्याच्या आदल्या रविवारी. रस्त्याकडच्या त्या चौकटीपुढे गवंड्यानं नुकतीच पायरी बांधली होती. आक्काला ती उंच वाटत होती. “म्हाताऱ्या बायाबी येतील मापं द्यायला,” असं म्हणून तिनं ती वीतभर उतरवायला लावली होती आणि आता चढून बघत होती. मग तिच्या काय मनात आलं कोण जाणे. ती खाली रस्त्यावर उतरली, पदर डोक्यावरून घेतला, चौकटीवर बोटानं टकटक केलं आणि परक्या बाईच्या आवाजात हाक मारली, “सुमाबाई हाईत का घरात?”

सुमा आत, छप्पर नसलेल्या खोलीत, विटांवर बसली होती. ती लाजून हसली.

“अगं, व्हय म्हण की! गिऱ्हाईक निघून जाईल.”

“हाय,” सुमा म्हणाली.

“मोठ्यानं!”

“हाय! या, आत या.”

“येतो,” आक्का म्हणाली. पायरीवर पाय ठेवला, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि आत गेली. पाहुणी गेल्यासारखी, जपून.

आता तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात कुठेतरी आत्ता घर बांधायचं चाललेलं असेल. या आठवड्यात तिथे जा. त्यांच्या शेडात बसून चहा घ्या आणि नकाशा बघायला मागा. त्या घरात परत आलेली बहीण असेल, विधवा आत्या असेल, लग्न न झालेली मावशी असेल, तर तिची खोली कुठली आणि तिचं दार कुठे उघडतं, एवढंच विचारा. सगळ्यांसमोर विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका. तुमचं कारण हक्काचं असो, नाहीतर सोयीचं. भिंती अजून कमरेएवढ्याच आहेत, तोवर जा.